आवृत्तीची ओळ कोण वाचतं आणि कधी वाचतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. अंधेरीतल्या तुमच्या टीमकडे स्विचची पोर्टं तपासणारी एक पायथन स्क्रिप्ट आहे. लॅपटॉपवर ती व्यवस्थित चालते, जंप होस्टवर (उपकरणांपर्यंत पोचायच्या मधल्या सर्व्हरवर) मात्र लगेच ‘सिंटॅक्स एरर’, म्हणजे व्याकरणाची चूक, येते. सीनियरनी सांगितलं, वर आवृत्ती तपासणारी ओळ टाका. तुम्ही टाकली. तरी तीच एरर, आणि ‘पायथन ३.१० लागेल’ हा तुम्ही लिहिलेला निरोप स्क्रीनवर आलाच नाही. शिवाय जुनिपर कंपनीच्या राउटरवर चालणाऱ्या स्लॅक्स भाषेतल्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘व्हर्जन १.०’ असतं, ते १.१ केलं तर काय बिघडेल, असंही तुम्ही विचारलंय.

मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. आवृत्ती सांगणारी ओळ कुणीतरी वाचावी म्हणून असते. ती कोण वाचणार आणि कोणत्या क्षणी वाचणार, हे माहीत नसेल तर ती ओळ असून नसल्यासारखीच. नेटवर्क ऑटोमेशनमध्ये हे जास्त जाणवतं, कारण एकाच कामात लॅपटॉप, जंप होस्ट आणि प्रत्यक्ष राउटर अशा तीन ठिकाणी तीन वेगळे इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारे प्रोग्राम, असतात.

आधी तुमची एरर. पायथन फाइल चालवायला घेतो तेव्हा एक ओळ वाचली, चालवली, मग पुढची वाचली, असं करत नाही. आधी अख्खी फाइल पार्स होते, म्हणजे तिचं व्याकरण तपासलं जातं, तिचा बाइटकोड (पायथनला चालवता येणारं रूप) बनतो आणि मगच पहिली ओळ चालते. तुम्ही तपासणी लिहिलीत तिसऱ्या ओळीवर, आणि दोनशेव्या ओळीच्या पुढे कुठेतरी ‘मॅच-केस’ ही अनेक पर्यायांतून एक निवडायची रचना वापरलीय. ‘मॅच-केस’ आलं पायथन ३.१० मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२१ ला. तुमच्या जंप होस्टवर रेड हॅट ८ हे लिनक्स आहे आणि तिथला मूळचा पायथन ३.६. त्याला ‘मॅच’ हा शब्द वाक्यरचना म्हणून ठाऊकच नाही, त्यामुळे पार्स करतानाच तो फाइल नाकारतो आणि तिसरी ओळ चालायची वेळच येत नाही. टीसी डब्यात बसलेला आहे, पण गाडी कारशेडमधून निघालेलीच नाही, तसं हे. सीनियरचा सल्ला चुकीचा नव्हता, फक्त तपासणी बसवायची जागा चुकली.

यावर मी बरीच वर्षं एकच उपाय करतोय: फाइली दोन करायच्या. एक छोटी, फक्त सुरुवात करून देणारी. तिच्यात एफ-स्ट्रिंग नाही, टाइप हिंट नाही, नवं व्याकरण काहीच नाही, २.७ लाही वाचता येईल इतकी साधी. ती ‘सिस’ मॉड्यूल आणते, ‘सिस.व्हर्जन_इन्फो’ची (३, १०) या जोडीशी तुलना करते आणि आवृत्ती कमी भरली तर ‘सिस.एक्झिट’ला सरळ वाक्य देऊन थांबते: ‘इथे पायथन ३.६ आहे, ३.१० लागतो, अमुक पाथवरून चालवा.’ तपासणी पार झाली की मगच दुसरी, खरी फाइल इम्पोर्ट होते. हा इम्पोर्ट तपासणीच्या खालीच हवा. सवयीने सगळे इम्पोर्ट वर नेऊन ठेवले, किंवा फॉर्मॅटरने ते वर सरकवले, की पुन्हा तीच एरर. ‘सिस.एक्झिट’ला वाक्य दिलं तर ते एरर स्ट्रीमवर छापलं जातं आणि एक्झिट कोड १ जातो, त्यामुळे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉन किंवा जेन्किन्सलाही काम फसल्याचं कळतं. नुसतं ‘प्रिंट’ करून बाहेर पडलात तर सकाळी अहवालात सगळं हिरवं दिसेल.

तुलना करताना जोडीच वापरा, मजकूर नको. मजकूर म्हणून ‘३.१०’ हे ‘३.९’पेक्षा लहान ठरतं, कारण टिंबानंतरचा १ हा ९ च्या आधी येतो. ३.९ पर्यंत चाललेल्या किती तरी तपासण्या ३.१० आल्यावर अशा उलट्या झाल्या. हाच आकडा यॅमल फाइलमध्ये (सेटिंग लिहायच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये) अवतरणचिन्हांशिवाय लिहिलात तर तो दशांश संख्या म्हणून वाचला जातो आणि ३.१० चं ३.१ होतं. पाइपलाइनमध्ये आवृत्ती लिहिताना ती अवतरणात घाला, नेहमीच घाला.

जुन्या पर्लमध्ये ही अडचण नव्हती. पर्लमध्ये ‘यूज’ आणि पुढे आवृत्ती लिहिली की ती ओळ कंपाइल होत असतानाच अंमलात येते, म्हणजे खालचं व्याकरण वाचायच्या आधीच. राउटरच्या कॉन्फिगची नोंद ठेवणाऱ्या रॅन्सिडसारखी पर्लमधली साधनं सांभाळलेल्या माणसाला पायथनमध्येही तसंच होत असेल असं वाटणं साहजिक आहे. तुमचे सीनियर त्याच काळातले असावेत.

आता शेबँग, म्हणजे फाइलची अगदी पहिली ओळ. ती पायथन वाचत नाही, लिनक्सचा कर्नल वाचतो, आणि तोही फाइल थेट चालवली तरच. तुम्ही ‘पायथन३’ टाइप करून पुढे फाइलचं नाव दिलंत, तर पहिल्या ओळीत काहीही लिहिलेलं असो, पायथनच्या दृष्टीने ती साधी टिप्पणी. दुसरं म्हणजे ‘एन्व्ह पायथन३’ असं लिहिलं की जो पायथन पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, आधी सापडेल तो लागतो. तुमच्या शेलमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या कामापुरता वेगळा पायथन, चालू असतं. क्रॉनचा पाथ मात्र तोकडा असतो. म्हणून दिवसा हाताने चालवलेली स्क्रिप्ट चालते आणि रात्री दोन वाजता क्रॉनने चालवलेली पडते. क्रॉनमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पाथ लिहा. मग शंकेला जागाच राहत नाही.

शेबँगच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी, दोन्ही प्रत्यक्ष पाहिलेल्या. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक अदृश्य कॅरेज रिटर्न राहतो, आणि कर्नल ‘पायथन३’ऐवजी ‘पायथन३ अधिक ते अक्षर’ या नावाचा प्रोग्राम शोधत बसतो. एरर येते ‘नो सच फाइल’, आणि माणूस तासभर पाथ तपासत राहतो. दुसरी आपल्या मराठी टीमची. पायथन २.७ फाइल एएस्कीत, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांच्या संचात, आहे असं गृहीत धरतो, त्यामुळे कुणी मराठीत टिप्पणी लिहिली की फाइल तिथेच अडते, टिप्पणी असली तरी. पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत यूटीएफ-८ ची कोडिंग घोषणा हवी. तिसऱ्या ओळीवरची चालत नाही. पायथन ३ मध्ये यूटीएफ-८ च गृहीत असतं. पण २.७ वर अडकलेली उपकरणं अजून कपाटात आहेत, म्हणून सांगून ठेवतो. मराठीत टिप्पण्या लिहिणं सोडू नका. रात्री तीनला झोप डोळ्यांवर असताना मराठी टिप्पणी पटकन कळते.

हल्ली आणखी एक सोय झाली आहे. पीईपी ७२३ या पायथनच्या प्रस्तावाप्रमाणे स्क्रिप्टच्या वरच्या टिप्पण्यांमध्येच एक छोटा ब्लॉक लिहून कोणता पायथन आणि कोणती पॅकेजेस लागतात ते सांगता येतं. ‘यूव्ही’ या साधनाने स्क्रिप्ट चालवली तर तो आधी हा ब्लॉक वाचतो, जुळणारा पायथन शोधतो, नसल्यास उतरवतो, पॅकेजेस बसवतो आणि मग फाइल चालवतो. म्हणजे पार्स व्हायच्या आधीच आवृत्ती ठरते. तुम्हाला हवं होतं ते नेमकं हेच. मात्र तीच फाइल साध्या ‘पायथन३’ने चालवली तर तो ब्लॉक निव्वळ टिप्पणी. आणि बहुतेक जंप होस्टना बाहेरचं इंटरनेट बंद असतं, त्यामुळे उतरवणं तिथे जमणार नाही. लॅपटॉपवर आणि लॅबमध्ये जरूर वापरा. बंद जंप होस्टवर पायथन आणि पॅकेजेस आधीच बसवून घेतलेले बरे.

किमान आवृत्तीबद्दल सगळे बोलतात, कमाल आवृत्ती कुणी लिहीत नाही. हे मी एका पावसाळी रात्री शिकलो. तेव्हा मी जिथे काम करत होतो तिथे ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये एक जुना कन्सोल सर्व्हर होता. नेटवर्क पूर्ण पडलं तर त्याच्यातून राउटरच्या कन्सोल पोर्टवर शिरायचं. त्याला फक्त टेलनेट (दूरच्या यंत्रावर लॉगिन करायची जुनी पद्धत) येत होतं, म्हणून तिथे जाणारी स्क्रिप्ट पायथनच्या ‘टेलनेटलिब’वर बेतलेली. घोषणेत लिहिलं होतं: ३.८ किंवा पुढचा. लिहिलं मीच होतं.

त्या रात्री मुसळधार पाऊस. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी, लोकल बंद, कुणालाही साइटवर पोचता येत नव्हतं. एका डक्टमध्ये पाणी शिरून मुख्य लिंक गेली, आणि पर्यायी लिंकवरच्या राउटरवर चुकीची कॉन्फिग बसलेली निघाली. शिफ्टवरच्या मुलीने स्क्रिप्ट चालवली आणि फोन केला.

“सर, मॉड्यूल नॉट फाउंड येतंय. टेलनेटलिब.”

“पायथन कुठला आहे?”

“तीन पॉइंट तेरा. गेल्या महिन्यात जंप होस्ट नवा केला ना.”

टेलनेटलिब ३.११ पासून मोडीत काढायच्या यादीत होतं आणि ३.१३ मधून ते काढून टाकलं. ३.१३ आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. स्क्रिप्ट रोज चालत असती तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. पण ती फक्त सगळं पडल्यावर चालवायची, त्यामुळे महिनाभर कुणाच्याच लक्षात आलं नाही. नशिबाने जुना ३.११ त्याच होस्टवर शिल्लक होता. तिला पूर्ण पाथ टाइप करायला सांगितला, कन्सोल उघडला आणि कॉन्फिग मागे घेतली. तासाभराच्या आत सगळं सुरळीत झालं, पण तो तास मला आजही आठवतो.

दुसऱ्या दिवशी घोषणा बदलली: ३.८ किंवा पुढचा, पण ३.१३ च्या आतला. लायब्ररी लिहिणारे लोक कमाल मर्यादा घालू नका म्हणतात, आणि त्यांच्यापुरतं ते बरोबर आहे, कारण त्यांची मर्यादा त्यांच्यावर विसंबलेल्या सगळ्यांना अडवते. आपली स्क्रिप्ट कुणाची लायब्ररी नसते. ती ज्या आवृत्त्यांवर प्रत्यक्ष चालवून पाहिली, तेवढ्याच लिहाव्यात असं माझं ठाम मत आहे. आणीबाणीची स्क्रिप्ट महिन्यातून एकदा खोटी-खोटी चालवायचीच. आमच्याकडे ती आता मेंटेनन्स विंडोच्या सुरुवातीला चालते, रात्री एकच्या सुमारास, शेवटची लोकल गेल्यावर.

राउटरवरचं जग याहून वेगळं आहे. तिथला इंटरप्रिटर तुम्ही निवडत नाही, तो उपकरणाच्या सॉफ्टवेअरसोबत येतो. सिस्को राउटरच्या आयओएस या सॉफ्टवेअरमध्ये टीसीएल ही स्क्रिप्टभाषा असते, आणि तिथला टीसीएल ८.३.४ आहे. ‘डिक्ट’ आणि ‘एलअसाइन’ या आज्ञा आल्या ८.५ मध्ये. लॅपटॉपवरच्या ८.६ मध्ये ‘डिक्ट’ वापरून लिहिलेली स्क्रिप्ट राउटरवर ‘इनव्हॅलिड कमांड नेम’ म्हणून पडते. इथली गंमत पायथनच्या उलट आहे. टीसीएल एकेक आज्ञा घेतो आणि चालवतो, आधी अख्खं व्याकरण तपासत नाही. त्यामुळे ‘डिक्ट’ एखाद्या ‘इफ’च्या आतल्या फांदीत असेल, तर तो प्रसंग येईपर्यंत स्क्रिप्ट ठणठणीत दिसते, लिंक खरोखर पडते तेव्हाच ती मोडते. पण याच स्वभावामुळे वर लिहिलेली ‘पॅकेज रिक्वायर टीसीएल ८.५’ ही ओळ तिथे खरंच काम करते, लगेच थांबवते. यातही एक बारकावा आहे. नुसतं ८.५ लिहिलं तर ८.६ चालतो, पण ९.० चालत नाही, कारण मोठा आकडा तोच लागतो. ९ ही चालवायचा असेल तर ८.५ च्या पुढे आडवी रेघ द्यायची. ईईएम पॉलिसी, म्हणजे राउटरवर एखादी घटना घडली की आपोआप चालणारी स्क्रिप्ट, लिहीत असाल तर पहिली ओळ इव्हेंट नोंदवणारीच हवी, आवृत्तीची ओळ तिच्या खाली. उपकरणावर नेमका कोणता टीसीएल आहे ते पाहायला ‘टीसीएलएसएच’मध्ये जाऊन ‘इन्फो पॅचलेव्हल’ विचारा. पाच सेकंदांचं काम.

सिस्कोच्या नेक्सस स्विचवर बराच काळ पायथन २.७ होता; त्याच्या सॉफ्टवेअरच्या ९.३(५) आवृत्तीपासून पायथन ३ आला. जुनॉसमध्ये, म्हणजे जुनिपरच्या सॉफ्टवेअरमध्ये, पायथन स्क्रिप्ट चालवायची तर आधी कॉन्फिगमध्ये ‘सिस्टिम स्क्रिप्ट्स लँग्वेज’खाली ‘पायथन३’ लिहावं लागतं. म्हणजे तिथे आवृत्तीची घोषणा फाइलमध्ये नसते, उपकरणाच्या कॉन्फिगमध्ये असते. एकाच स्क्रिप्टची दोन राउटरवर दोन तऱ्हेची वागणूक दिसली तर फाइलची तुलना करण्याआधी ही ओळ बघा.

आता तुमचा स्लॅक्सचा प्रश्न. ‘व्हर्जन १.०’ ही स्लॅक्स या भाषेची आवृत्ती आहे. जुनॉसची नाही, आणि तुमच्या स्क्रिप्टचीही नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण एका टीममध्ये प्रत्येक दुरुस्तीनंतर तो आकडा वाढवत गेलेली स्क्रिप्ट मी पाहिली आहे: १.०, १.१, १.२, आणि मग १.३. पहिले दोन बदल योगायोगाने चालून गेले, कारण स्लॅक्सच्या १.१ आणि १.२ या आवृत्त्या खरोखर आहेत. १.३ केल्यावर गाडी अडली. स्वतःच्या स्क्रिप्टचा क्रमांक गिटच्या टॅगमध्ये किंवा टिप्पणीत ठेवा.

१.१ केल्याने काय मिळतं? बदलता येणारे व्हेरिएबल म्हणजे ‘एमव्हार’, लूप, स्वतःची फंक्शन्स. १.० मध्ये व्हेरिएबलला एकदा किंमत दिली की ती पक्की, कारण स्लॅक्सच्या खाली एक्सएसएलटी ही भाषा आहे आणि तिथला नियमच तसा आहे. १.१ जुनॉस १२.२ पासून चालतं, १.२ हे १४.२ पासून. तुमच्या ताफ्यात त्याहून जुनं एकही उपकरण नसेल तर १.१ करायला हरकत नाही. पण ‘एमव्हार’ किंवा लूप वापरणारच नसाल तर १.० राहू द्या. गरजेपेक्षा वरची आवृत्ती मागून काही फायदा होत नाही. आणि ही कमिट स्क्रिप्ट, म्हणजे कॉन्फिग लागू (कमिट) करताना दरवेळी चालणारी, असेल तर जरा जास्त जपा. ऑप स्क्रिप्ट, म्हणजे आपण आज्ञा देऊन चालवतो ती, मोडली तर एक आज्ञा मोडते. कमिट स्क्रिप्ट मोडली तर ती दुरुस्त होईपर्यंत किंवा काढेपर्यंत त्या राउटरवर कुणालाच कमिट करता येत नाही. आधी लॅबच्या राउटरवर ‘कमिट चेक’ करा.

यँग या उपकरणाच्या कॉन्फिगचा आराखडा लिहायच्या भाषेतल्या मॉड्यूलमध्ये हाच गोंधळ दुसऱ्या रूपात दिसतो. ‘यँग-व्हर्जन’ म्हणजे भाषेची आवृत्ती, ‘रिव्हिजन’ म्हणजे त्या मॉड्यूलची तारीख. ‘यँग-व्हर्जन’ लिहिलंच नाही तर मॉड्यूल आवृत्ती १ चं, म्हणजे २०१० च्या आरएफसी ६०२० या मानकाचं मानलं जातं. ‘अ‍ॅक्शन’ किंवा ‘एनीडेटा’ वापरायचं असेल तर १.१ लिहावंच लागतं. ते २०१६ च्या आरएफसी ७९५० मधलं. १.१ चं मॉड्यूल आवृत्ती १ चं सबमॉड्यूल इनक्लूड करू शकत नाही, उलटही नाही.

अ‍ॅन्सिबलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत (हे अनेक यंत्रांवरची कामं एकाच ठिकाणाहून करवणारं साधन), पण पुढचा टप्पा तोच असणार. नेटवर्क उपकरणांसाठीची मॉड्यूल्स राउटरवर चालत नाहीत, कंट्रोल नोडवरच, म्हणजे जिथून हे साधन चालवतो त्या यंत्रावर, चालतात. त्यामुळे राउटरवर कोणता पायथन आहे याची चिंता करू नका, कंट्रोल नोडची करा. लिनक्स सर्व्हर मात्र टार्गेट म्हणून असतील तर लक्षात ठेवा: अ‍ॅन्सिबल-कोअर २.१७ पासून टार्गेटवर ३.७ लागतो, म्हणजे रेड हॅट ८ चा मूळचा ३.६ तिथे चालत नाही. इन्व्हेंटरी, म्हणजे उपकरणांची यादी, बरेचदा यॅमलमध्ये असते आणि पायथनमधलं नेहमीचं वाचणारं पॅकेज यॅमल १.१ चे नियम पाळतं. त्यात अवतरणाशिवायचं ‘ऑफ’ हे ‘फॉल्स’ होतं, ०१० चा आठ होतो, आणि सहाच्या सहा जोड्या निव्वळ अंकांच्या, साठाच्या आतल्या असतील आणि पहिली जोडी शून्याने सुरू होत नसेल, तर पोर्टचा हार्डवेअर पत्ता म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस साठ-आधारी पद्धतीने मोजलेली एक प्रचंड संख्या बनून बसतो. सुदैवाने बहुतेक मॅकमध्ये एखादं अक्षर असतंच, म्हणून ही चूक दोनशे पोर्टांपैकी एखाद्याच पोर्टवर दिसते आणि शोधायला जीव खाते.

तुमच्या स्क्रिप्टपुरतं सांगायचं तर त्या ‘मॅच’मध्ये चारच फांद्या आहेत: पोर्ट चालू, बंद, एरर-डिसेबल्ड आणि बाकी सगळं. ती एक डिक्शनरी आणि तिच्यातून किंमत काढणारा एक ‘गेट’ एवढ्यात बसते. तसं केलंत तर ती ३.६ वर आजच चालेल, पुढच्या विंडोची वाट पाहावी लागणार नाही. तरीही जंप होस्टवर ३.११ मागणारी चेंज रिक्वेस्ट या आठवड्यात टाकाच, कारण मूळ पायथन प्रकल्पाने ३.६ ला डिसेंबर २०२१ मध्येच निरोप दिला आहे. रेड हॅट त्याला आपल्यापुरतं सांभाळतं, पण नवी पॅकेजेस त्याच्यासाठी येत नाहीत. विनंतीत स्पष्ट लिहा की ३.११ शेजारी बसवायचा आहे, सिस्टिमच्या ‘पायथन३’ला हात लावायचा नाही.